काळ्या चौकोनातली गौर

कॅमेरा भिंतीला लावणं हे आमच्या धंद्यातलं सोपं काम. ते माझा नवरा सुनील करतो. शिडी, ड्रिल, वायर, तोंडात दोन स्क्रू धरून "हं, आता बघ" म्हणणं, हे सगळं त्याचं खातं. खाली मांडीवर लॅपटॉप घेऊन बसलेली असते ती मी. बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर या तिन्ही ठिकाणी मला नावाने ओळखणारे लोक थोडे. पण "सेटिंगवाल्या मॅडम" म्हणा, बदलापूरच्या कात्रप भागातला कोणीही तुम्हाला आमच्या दुकानाचा जिना दाखवेल.

आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेली मी पहिली. वडील अंबरनाथच्या एमआयडीसीत हेल्पर होते, सगळी नोकरी उभ्याने झाली. मी बीएस्सी झाले तेव्हा त्यांनी चाळीत पेढे वाटले आणि मला हळूच विचारलं, "आता तुला खुर्ची मिळेल ना?" मिळाली. फक्त ती दर वेळी गिऱ्हाइकाच्या घरातली असते, आणि बहुतेक वेळा तिच्यावरचे वाळलेले कपडे आधी उचलावे लागतात.

कॅमेरा घेताना गिऱ्हाईक एकच प्रश्न विचारतं, "मॅडम, मोबाईलवर दिसेल ना?" दिसणारच, त्याचेच तर आम्ही पैसे घेतो. पण अजून कोणाकोणाला दिसेल, हे मात्र कोणी विचारत नाही. माझं काम खरं तर या न विचारलेल्या प्रश्नाचं आहे.

सोपं करून सांगते. तुमच्या घरचं इंटरनेट ही एक सोसायटी समजा. राऊटर म्हणजे गेटवरचा वॉचमन. टीव्ही, मोबाईल, कॅमेरा हे आतले फ्लॅट, आणि प्रत्येकाला वॉचमनने दिलेला एक नंबर. बाहेरच्या माणसाला कॅमेऱ्यापर्यंत जायचं असेल तर वॉचमनला आधी सांगून ठेवावं लागतं, की बाबा, अमुक आला तर त्याला अमुक फ्लॅटला सोड, दुसऱ्या कोणाला सोडू नकोस. घोळ असा, की लाईट जाऊन आली की हा वॉचमन सगळ्यांना नवे नंबर वाटून मोकळा होतो. आणि आमच्याकडे लाईट किती वेळा जाते ते इथल्या माणसाला सांगायला नको. म्हणून कॅमेऱ्याचा नंबर कायमचा पक्का करायचा, कंपनीतून आलेला पासवर्ड बदलायचा, आणि मालक कोण, नुसतं बघणारे कोण, कॅमेऱ्याच्या स्पीकरमधून बोलू शकणारे कोण, त्याप्रमाणे परवानग्या द्यायच्या. याला सेटिंग म्हणतात. हल्ली कॅमेरे पार्सलने येतात, पेटीवरचा कोड मोबाईलने स्कॅन केला की चित्र दिसायला लागतं, आणि लोकांना वाटतं झालं सगळं. आमचं काम कमी झालं ते झालंच. पण अर्ध्या घरांची दारं सताड उघडी राहिली, याचं मला जास्त वाईट वाटतं.

उघडी राहिली की काय होतं? उल्हासनगर कॅम्प तीनमधले जीन्सच्या कारखान्याचे एक सेठ, त्यांनी स्वतःच कॅमेरा बसवला आणि सगळं पेटीतून आलं तसंच ठेवलं. शेजारच्या कारखानदारानेही तोच कॅमेरा आणला, तसाच लावला. केबलवाला दोघांचा एक. म्हणजे दोन्ही कारखाने एकाच सोसायटीत, एकच फ्लॅट नंबर आणि एकच पासवर्ड घेऊन बसलेले. आमचे सेठ घरी लोडाला टेकून मोबाईलवर बघायचे आणि कारखान्यात फोन लावून ओरडायचे, "चाय पे चाय पी रहे हो, मशीन कौन चलाएगा, मेरा बाप?"

"सेठ, हम तो सिलाई कर रहे हैं."

"झूठ मत बोल! मैं देख रहा हूँ!"

सेठ बघत होते शेजारचा कारखाना. तशीच निळ्या कापडाची थप्पी, तसाच पंखा, तशीच पाठमोरी माणसं. मी दोन्ही कॅमेऱ्यांचे नंबर वेगळे करून दिले तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारला. "अडे साईं! पड़ोसी के लोग इतनी चाय पीते हैं?" आणि त्या दिवशी आपल्या सगळ्या कारागिरांना लस्सी पाजली. मलाही मिळाली. मलई जाड होती.

सगळंच असं हसण्यावारी जात नाही. सुनेवर लक्ष ठेवायला कोणाला स्वयंपाकघरात कॅमेरा हवा असतो. मी तोंडावर नाही म्हणते. गिऱ्हाईक तुटतं, तुटू दे. पण कॅमेरा ज्याचा, त्याने सांगितल्यावर एखाद्याचं बघणं बंद करणं हेही माझंच काम आहे, आणि तिथे नाही म्हणायचा मला अधिकार नसतो. असं एक काम मी बाळारामनानांच्या घरी केलं. ते सांगण्यासाठीच खरं तर हे लिहायला बसले.

बदलापूरजवळच्या एका गावात नानांचं घर आहे. गाव म्हणायचं ते सवयीने. मधोमध जुनी आगरी घरं आणि चारी बाजूंनी टॉवर. नानांची भातशेती होती तिथे आज लिफ्टच्या बिल्डिंगी आहेत, आणि नानांची अर्धी भावकी, म्हणजे चुलत भाऊबंद, त्याच बिल्डिंगींत राहतात. नाना सत्तरीच्या पुढचे, आवाज गावकीच्या बैठकांत घडलेला. त्यांच्या बायकोला सगळं गाव आय म्हणतं, म्हणून मीही आयच म्हणते. मुलगा किशोर घरात, आणि मुलगी वंदना पनवेलकडे दिलेली.

या घरी गणपती येतो, मागोमाग तेरड्याची गौर येते. लांबच्या लोकांना दर्शन व्हावं म्हणून किशोरने हॉलमध्ये मखराच्या समोर, छताला एक कॅमेरा लावून घेतला होता. पहिल्या वर्षी या पठ्ठ्याने त्याचा पासवर्ड भावकीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला. आता शेअर रिक्षात जशा सीट ठरलेल्या, तशी एका कॅमेऱ्यातून एका वेळी ठरावीक माणसंच बघू शकतात. भावकी पहाटेपासून आत जाऊन बसली. खुद्द नानांनी मोबाईल उघडला तर जागा भरल्याचा निरोप. "आरं, माज्याच घरान मना जागा नाय?" असं नाना फोनवर माझ्यावर गरजले होते. मग मी घरटी एक मोबाईल अशी परवानगी करून दिली. तेव्हापासून दरवर्षी गणपतीत मला बोलावणं असतं. कोणाला घ्यायचं, कोणाला काढायचं ते नाना ठरवतात, बटण मी दाबते.

त्या वर्षी आम्ही गेलो ते गौर यायच्या आदल्या दिवशी. नाना पडवीत खुर्ची टाकून बसले होते. मी लॅपटॉप उघडायच्या आत म्हणाले, "वंदनाचा मोबाईल काढ त्यातून."

"का हो नाना?"

"सासू गेली तिची. सुतक हाय. दहावा व्हायचा हाय आजून. देवीचा दर्शन चालत नाय."

"पण नाना, ती तिकडे पनवेलला. मोबाईलवर..."

"मोबाईलवर तिला देवी दिसतं का नाय?"

"दिसते."

"मंग दर्शन जाला. काढ."

मी किशोरकडे बघितलं. त्याने पंख्याकडे बघितलं. "गुरुजींना विचारलं मी," तो म्हणाला. "ते म्हणाले, कॅमेऱ्याचं आमच्या पोथीत काही नाही. घरातल्या मोठ्यांनी ठरवा."

"घरान मोठा कोन?" नाना म्हणाले. "मी."

मी विज्ञान शिकलेली बाई. सुतक वायरमधून जात नाही, एवढं मला कळतं. पण घर नानांचं, देवी नानांची, कॅमेरा नानांचा. कोणाच्या घराचं दार कोणासाठी उघडायचं हे सेटिंगवालीने ठरवायचं नसतं. मी वंदनाचं नाव काढलं. अॅपने विचारलं, नक्की काढायचं? मी हो म्हटलं.

या अॅपला रीतभात नाही. तुम्ही कोणाला काढलं की ते त्या माणसाला तिथल्या तिथे कळवून टाकतं. मी चहाचा कप तोंडाला लावला आणि माझा फोन वाजला. वंदना.

"ताई, मला काढलंत?"

"नानांनी सांगितलं गं."

"बरोबरच आहे. मला सुतक आहे, मला कळतं. मला देवी नका दाखवू." मग म्हणाली, "पण ताई, आय गाणार कशी?"

मला काही कळेना. मग तिने सांगितलं. गौरीच्या पूजेच्या दिवशी दिवेलागणीला आय गौरीला लागून बसते आणि गाणं म्हणते. एकच लांबलचक गाणं. गौर कुठल्या वाटेने आली, वाटेत खाडी कशी ओलांडली, माहेरी काय जेवली, परत निघताना काय बोलली. कुठे लिहिलेलं नाही. आयला ते तिच्या आईकडून आलं आणि आयकडून वंदनाला. बाकीच्या बायका मागे ओळ धरतात, पण पुढची ओळ कोणती हे या दोघींनाच ठाऊक. आणि हल्ली आय मधेच अडते.

"अडली ना ताई, की ती पदराचं टोक बोटाला गुंडाळायला लागते. ते दिसलं की मी हळूच ओळ देते. मागच्या वर्षी शेजारी बसून कितीदा दिली, कोणाला पत्ता नाही. या वर्षी सगळ्यांसमोर तिचं गाणं तुटलं तर पुढच्या वर्षी ती गायलाच बसणार नाही. मी ओळखते तिला. आणि ती बसली नाही की संपलं ते."

"फोन स्पीकरवर ठेवू या की."

"फोनवर मला तिचा पदर कसा दिसेल?"

मी फोन ठेवला आणि जसंच्या तसं नानांना सांगितलं. लपवाछपवी मला जमत नाही. किशोर म्हणाला, "मी व्हिडिओ कॉल लावतो, आयवरच धरतो मोबाईल."

"तुजा हात हालला की देवी दिसली," नाना म्हणाले. ते खरं होतं. आमचा कॅमेरा फिरवावा, तर आय आणि गौर गुडघ्याला गुडघा लावून बसणार, एक गेली की दुसरी पण गेली. दुसरा कॅमेरा लावावा, तर गणपतीच्या आठवड्यात आमच्या दुकानात शोधूनही सापडत नाही.

मग मला चौकोन आठवला.

कॅमेऱ्यात एक सोय असते. शेजाऱ्याची खिडकी तुमच्या कॅमेऱ्यात येत असेल, तर चित्रातल्या तेवढ्या भागावर काळा चौकोन ओढून टाकता येतो. मालकाने सेटिंगमध्ये ओढला की बघणाऱ्याने काही केलं तरी तो हलत नाही. रेकॉर्डिंगमध्येही तेवढं काळंच राहतं. आमच्याकडे बिल्डिंगी अशा दाटीने उभ्या आहेत की मी हे चौकोन रोज ओढते. देवावर कधी ओढला नव्हता.

मखरात गणपती होताच, शेजारी गौरीचा पाट मांडला होता. सुनीलला पाटाच्या मागे उभं केलं आणि नानांना लॅपटॉपसमोर बसवून चौकोन ओढला. गणपती, पाट आणि माझा नवरा, तिघेही गेले. किशोर म्हणाला, "वहिनी, कोपर दिसतंय." चौकोन जरा रुंद केला. कोपरही गेलं. त्याच्या कडेला आयची बसायची जागा तेवढी स्वच्छ उरली.

नानांनी चौकोनावर बोट ठेवलं. "यो काला वंदनालाच दिसंल ना?"

"नाही नाना. कॅमेराच तेवढं बघायचं सोडून देतो. सगळ्यांना काळंच दिसणार. भावकीला, त्यांच्या दुबईला नोकरी करणाऱ्या पोरांना, तुमच्या मोबाईलवर पण."

किशोर उसळला. "नाना, लोक काय म्हणतील? दुबईवाले वर्षभर वाट बघतात. आणि सुतकात देवीचं गाणं म्हटलेलं चालतं काय?"

आय कोपऱ्यात खाली बसून हार ओवत होती. हातातली सुई न थांबवता म्हणाली, "तोंडान नाव घ्याला कसला सुतक? आनि भावकीनं बघितली नाय म्हून गौर रुसाची नाय. गाना आर्धा ऱ्हायला तं रुसंल."

नानांनी तिच्याकडे बघितलं, मग लॅपटॉपकडे. "कर काला," ते मला म्हणाले. "आनि वंदनाला घे आत."

पूजेच्या दिवशी माझं तिथे तसं काम नव्हतं. पण गेले. सकाळपासून नानांच्या मोबाईलवर भडिमार चालू होता. नाना, कॅमेरा बिघडला. नाना, देवी दिसत नाय. एकाने चित्र पाठवून खाली लिहिलं होतं, देवी लोडशेडिंगमध्ये गेली काय? नानांनी कोणाला वेगळं उत्तर दिलं नाही. ग्रुपवर एकच आवाज रेकॉर्ड करून टाकला: "कॅमेरा बरा हाय. देवी घरान हाय. ज्याला बघाची त्यानं घरान यावा."

आणि लोक आले हो. जी मंडळी टॉवरमध्ये सोफ्यावर बसून दर्शन घेत होती, ती लिफ्टने खाली उतरून, चालत आली. दारात चपलांना जागा उरली नाही. किशोरची बायको चहाचं पातेलं उतरवते न उतरवते तोच परत चढवत होती. दुबईची पोरं मात्र दर्शनावाचून राहिली. त्यांच्यापैकी एकाने मला मेसेज केला होता, "ताई, पाच मिनिटं तरी काढा ना ते काळं." मी काढलं नाही. ते मला अजून लागतं.

दिवेलागणीला बायका गोलात बसल्या. गौरीच्या गाण्याला पुरुषाने आत यायचं नाही आणि तोंड उघडायचं नाही, अशी त्या घरची रीत. म्हणून नाना उंबऱ्याबाहेर उभे राहिले, हातात मोबाईल. मी त्यांच्या शेजारी, लॅपटॉप घेऊन. बोलायची परवानगी एकट्या वंदनाला दिली होती.

"आय, ऐकू येतंय?" छतातून आवाज आला.

आयने मान वर केली आणि कॅमेऱ्याला विचारलं, "वंदू, जेवलीस का गो?"

बायका फिसकन हसल्या. "आय, आधी गाना!" वंदना म्हणाली.

गाणं सुरू झालं. आयचा आवाज म्हातारा, पण सुराला घट्ट. एक गोष्ट मात्र मी हिशोबात धरलीच नव्हती. चित्र इथून पनवेलला जायला आणि आवाज तिथून परत यायला थोडा वेळ लागतो. एका श्वासाएवढा. एरवी कोणाच्या लक्षात येत नाही. पण आयने पदर बोटाला गुंडाळला, वंदनाने ओळ दिली, आणि ती पोचेपर्यंत गाणं उघड्यावर पडलं. कोणीतरी खोकलं. मी घाईघाईने चित्र हलक्या दर्जाचं केलं, थोडं अंतर तुटलं, सगळं नाही. बाकीचं वंदनाने तोडलं. पुढच्या वेळी आयचा हात पदराकडे नुसता वळला, आणि तिने तिकडून ओळ सोडून दिली. ती बरोबर आयच्या तोंडाशी येऊन पोचली. मग तर दोघींची अशी गट्टी जमली की ओळ छतातून आली की आयकडून, हे गोलातल्या बायकांनाही सांगता आलं नसतं.

मी नानांच्या मोबाईलमध्ये बघत होते. वंदनाला जे दिसत होतं तेच. टाळ्या धरणाऱ्या बायका, आय, आणि आयच्या गुडघ्याला लागून ते काळं. बायका ओंजळीत फुलं घेऊन त्या काळ्यात जायच्या आणि रिकाम्या हातांनी बाहेर यायच्या.

गाण्याचा शेवट उभ्याने म्हणायचा असतो. गौरीची ओटी भरताना. गोलातल्या दोन बायकांनी आयला हाताला धरून उठवलं. खण, नारळ, तांदूळ घेऊन ती गौरीसमोर गेली, आणि मोबाईलमधून नाहीशी झाली. राहिला तो नुसता आवाज. गौर निघाली, उंबऱ्याशी आली, मागे वळली, इथपर्यंत आवाज आला. आणि थांबला.

मी दारातून बघत होते. आयने तांदळाची मूठ तशीच धरली होती, आणि दुसऱ्या हाताने पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. गुंडाळतच होती. मोबाईलमध्ये यातलं काही नव्हतं. तिकडे वंदनाला काय कळणार, आय अडली आहे की कुंकू लावते आहे? मधेच ओळ दिली आणि आयचीही त्याच वेळी निघाली तर दोन्ही एकमेकींवर आपटणार. छत गप्प होतं. बायका आयकडे बघत होत्या, आय गौरीकडे. चौकोन मीच ओढलेला, आणि तो आता काढायचा म्हटलं तर वंदनापुढे देवी उभी.

नाना उंबरा ओलांडून आत गेले. बायकांच्या गोलाच्या मधोमध उभे राहिले, छताकडे तोंड केलं, आणि गावकीच्या बैठकीतल्या त्या आवाजात म्हणाले, "वंदू, आय अडली गो. ओल दे."

एक श्वास गेला. मग छतातून ओळ आली, आणि काळ्या चौकोनातून आयने ती उचलली.